कट्ट्यावरचे खिळे

राग आला की माझी आई तो तिथल्या तिथे बोलून मोकळी होते. मी तो जपून ठेवते. या कट्ट्याबद्दलचा माझा राग अजून ताजा आहे, आणि तो निवळावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. वय झालं की लोक म्हणतात, जाऊ दे, सोडून दे. मी सोडणार नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

आम्ही दोघी मुलुंड पूर्वेला राहतो, मी आणि आई. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर पहिल्या मजल्यावर. भाजीबाजार तसा जवळ, म्हणजे माझ्यासारखीला जवळ. आईची दोन्ही ढोपरं केव्हाच कामातून गेली आहेत. ऑपरेशनचं नाव काढलं तेव्हा "माका कापून घेवचा नाय" म्हणाली आणि विषय संपला. घर ते बाजार हे अंतर तिला एका दमात जमत नाही, आणि एवढ्याशा अंतराला रिक्षावाला येत नाही. मीटर टाकायच्या आधीच तो मान हलवून निघून जातो.

पण बरोबर निम्म्या वाटेवर कट्टा होता. एका सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीचा पाया फुटपाथच्या बाजूला जरा पुढे आला होता. गवंड्याने बांधताना हात सैल सोडला असेल. वर शहाबादी फरशी, डोक्यावर पर्जन्यवृक्ष. कोणी मुद्दाम बसण्यासाठी बांधलेला नव्हता, त्यामुळे त्याच्यावर कोणाच्या निधीतून, कोणाच्या स्मरणार्थ असलं काही लिहिलेलं नव्हतं. आई जाताना तिथे बसायची आणि येताना तर बराच वेळ बसायची. पिशवीतून मेथी नाहीतर गवार काढून निवडायला घ्यायची. देठं वेगळ्या पिशवीत, भाजी वेगळ्या. घरी येईपर्यंत भाजी सरळ कढईत टाकण्याजोगी तयार असायची.

तिथे तिच्या तीन मैत्रिणी झाल्या. एक कट्ट्यासमोरच्या बिल्डिंगमधल्या नर्सबाई, मूळच्या अमरावतीकडच्या. त्यांची सगळी नोकरी सरकारी हॉस्पिटलात गेली, घरात बुद्धाची तसबीर आणि नातवंडांची मेडलं. दुसऱ्या एक गुजराती बा, ज्या रोज देवळातून येताना टेकायच्या. आणि तिसरी भांडुपच्या खाडीकडून मासळी घेऊन येणारी कोळीण मावशी, जी टोपली रिकामी झाली की पायांना आराम द्यायला यायची. आई मालवणीत बोलायची, बा गुजरातीत, मावशी तिच्या कोळी बोलीत, आणि नर्सबाई तिघींना सांभाळून घ्यायच्या. कोणाचं काही अडायचं नाही. त्या कट्ट्याचा एकच नियम होता. नवीन माणूस येताना दिसलं की बसलेल्यांनी सरकायचं. त्याने विचारायची वाट बघायची नाही. तो कोण, कुठला, हेही विचारायचं नाही. मी स्वतः पाहिलंय, चौघी बसलेल्या असताना घामाघूम झालेला पार्सलवाला दिसला तर आई लांबूनच म्हणायची, "सरका गो बायांनो."

आणि तिथे आई गाऱ्हाणं घालायची. कोकणात गावच्या देवापुढे एकजण सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार देतात, ते गाऱ्हाणं. गावात हा मान पुरुषांचा. मुलुंडच्या फुटपाथवर तो आईने परस्पर आपल्याकडे घेतला होता. नळाला पाणी येत नसलं की गाऱ्हाणं, बांच्या सुनेचा व्हिसा अडला की गाऱ्हाणं, मावशीला सुरमई मिळेना झाली की गाऱ्हाणं. आई डोळे मिटून, हात जोडून, कानाने कमी ऐकू येतं म्हणून भरपूर मोठ्याने मागायची आणि तिघी हसत हसत ओरडायच्या, "व्हय म्हाराजा!" बा त्यात सगळ्यांत पुढे असायच्या. सुनेचा व्हिसा आला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते.

मला मैत्रिणी विचारतात की रिटायर झाल्यावर इथे कशाला राहायचं, पुण्याला जा, नाशिकला जा, हवा चांगली आहे. शहर चांगलं की वाईट हे लोक हवेवरून ठरवतात, मेट्रोवरून ठरवतात, मॉल किती आणि हॉस्पिटलं किती यावरून ठरवतात. मी एवढंच बघते, की म्हातारी बाई घरातून निघाल्यावर दमली तर काही विकत न घेता, कोणाची परवानगी न मागता तिला कुठे बसता येतं. मॉलमध्ये वॉचमन येऊन उभा राहतो. हॉटेलात चहा मागवावा लागतो. बाग दुपारी बंद. तो वेडावाकडा कट्टा होता तोवर माझ्या हिशोबाने मुलुंड हे राहायला झकास गाव होतं.

मग एका सकाळी त्याच्यावर खिळे आले. आई खिळे म्हणते, मीही तेच म्हणते. खरं म्हणजे ते बोटभर उंचीचे टोकदार गज होते, फरशीत दाटीने बसवलेले, वरून काळा रंग दिलेला. आई नेहमीप्रमाणे काठी टेकत तिथवर गेली आणि बसायला वळली. नर्सबाईंनी समोरच्या खिडकीतून पाहून आरडाओरडा केला म्हणून बरं, नाहीतर बसलीच असती. मग ती झाडाला धरून उभी राहिली. बाजार पुढे आणि घर मागे, दोन्ही सारखंच लांब. नर्सबाई खाली उतरल्या आणि तिला हाताला धरून आमच्या बिल्डिंगपर्यंत घेऊन आल्या. त्यांचा फोन आला म्हणून मी ऑफिसातून धावत आले तेव्हा आई आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली होती. तिथपर्यंत आली होती, वर चढायचं त्राण उरलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी त्या सोसायटीच्या चेअरमनला भेटायला गेले. माणूस ओळखीचा होता. आमच्याकडे एक मंडळ आहे, दर हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये व्याख्यानमाला भरवतं. तो त्या मंडळाचा अध्यक्ष आणि मी कार्यकारिणीत, हॉलची व्यवस्था बघणारी. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, आवाज मऊ, जाकीट नेहमी इस्त्रीचं. तोंडावर मी त्याला सर म्हणते. इथे लिहिताना मी त्याला अहो-जाहो करणार नाही, तेवढं सुख मला हवंय.

तो सोसायटीच्या ऑफिसात टेबलामागे बसला होता. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या. बसा म्हणाला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"ताई, आजींबद्दल मला आदरच आहे," तो म्हणाला. "पण आज आजी बसतात, उद्या डिलिव्हरीवाले बसतील, परवा आणखी कोण. मासळीची टोपली तर तुम्ही पाहिलीच असेल. एवढा खर्च करून आपण दर्शनी बाजूचं एलिव्हेशन केलं, सगळा लूक जातो हो."

"मग म्हाताऱ्या माणसांनी बसायचं कुठे?"

"महापालिकेची बाग आहे ना."

"ती बाजाराच्या पलीकडे आहे, सर. आणि दुपारी बंद असते."

"मग संध्याकाळी जावं," असं म्हणून तो हसला. "आणि एक सांगू? यंदा व्याख्यानमालेत आपण हाच विषय घेतोय. राहण्याजोगं शहर. तुमच्या काही सूचना असतील तर जरूर द्या."

मी सूचना दिली नाही. जिना उतरताना एवढंच ठरवलं की हा माणूस मला उभं करून बोलला आहे, आणि माझ्या आईला त्याने भररस्त्यात उभं केलं आहे, तर आता याची पाळी.

आईला मी त्याचं नाव सांगितलं नाही. ती भांडायला गेली असती तर मला चाललं असतं, पण ती विनवायला गेली असती. त्याच्यापुढे आईने हात जोडलेले मला बघवले नसते. तिने विचारलं, "कोणी मारल्यान गो ते खिळे?" मी म्हटलं, "सोसायटीने." तिने सोसायटीला दोन-चार शिव्या दिल्या.

आणि आई घरात बसली. आधी म्हणाली, पावसाळा जाऊ दे, मग म्हणाली, दिवाळी होऊ दे, मग काही म्हणायचीच थांबली. तिघी मैत्रिणींची ढोपरं काही वेगळी नव्हती, त्या आमचा जिना चढू शकत नव्हत्या. मावशी तेवढी कधीमधी खालून हाक मारायची, "आये, बरी हाय ना गो?" आणि आई खिडकीतून उत्तर द्यायची. भाजी मी आणायला लागले, ऑफिसातून येताना, घाईत, शिल्लक राहिलेली. आई ती डायनिंग टेबलावर निवडायची आणि कुरकुर करायची की मेथी जून आहे. एकदा तिने टीव्हीसमोर बसून गाऱ्हाणं घातलं, गॅसच्या सिलिंडरसाठी. मी किचनमधून "व्हय म्हाराजा" म्हटलं. एकटीच्या रुकाराला काही जोर येत नाही. तिलाही ते कळलं असावं, कारण पुन्हा तिने घातलं नाही. तिच्या पोटऱ्या बघता बघता बारीक झाल्या. मला रोज तिच्या पायांना तेल लावताना तो मऊ आवाज ऐकू यायचा, मग संध्याकाळी जावं.

व्याख्यानमालेचा दिवस आला. मंचावर नेहमी तीन खुर्च्या असतात. मधली कोरीव काम केलेली, मखमलीची, ती अध्यक्षांची. एक वक्त्यांची आणि एक सचिवांची. सचिव भाच्याच्या लग्नाला गेले होते. मी मंचावर एकच खुर्ची मांडली, पाहुण्या वक्त्या बाईंची. मखमलीची खुर्ची मागच्या खोलीत ठेवली. हॉल भरेल एवढ्या खुर्च्या लावल्या आणि उरलेल्या सगळ्या त्याच खोलीत रचून कुलूप घातलं. किल्ली पर्समध्ये टाकली. पुढच्या रांगेत मान्यवरांसाठी एक लांब सोफा असतो. त्यावर मी आईला बसवलं, तिच्या बाजूला बा, मग मावशी, मग नर्सबाई. कधी नव्हे तो एक रिक्षावाला दोन फेऱ्या करायला तयार झाला होता. आईने ठेवणीतली साडी नेसली होती, आणि मावशीला इतक्या दिवसांनी बघून ती तिचा हातच सोडत नव्हती.

चौघींना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की भाषण आहे, चहा आहे. खिळे कोणी ठोकले ते आई, बा आणि मावशी यांना माहीत नव्हतं. तो काळ्या काचांच्या गाडीतून जाणारा माणूस, त्याचं तोंड त्यांनी कशाला बघितलं असणार. नर्सबाई समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी मंचावरची एकुलती एक खुर्ची बघितली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे मांडीवर पर्स घेऊन बसल्या.

अध्यक्षाची सवय अशी की सगळे बसले की मग यायचं, म्हणजे येताना सगळ्यांना दिसतं. तसा तो आला. पाहुण्या बाई हायवेला ट्रॅफिकमध्ये अडकल्याचा निरोप नुकताच आला होता. त्याने मंचाकडे बघितलं. पाहुण्यांची खुर्ची आपण घ्यावी हे त्याच्या सभ्यपणात बसणारं नव्हतं. त्याने सोफ्याकडे बघितलं, तिथे चार म्हाताऱ्या.

"ताई, खुर्ची?" तो हळूच म्हणाला.

"संपल्या, सर. यंदा विषयच असा घेतलात, गर्दी बघा ना."

"असू दे, असू दे. मी उभा राहतो. काही हरकत नाही."

दुसऱ्या रांगेतला एक गृहस्थ अर्धवट उठला. "छे छे, बसा तुम्ही," अध्यक्ष म्हणाला. आपल्याकडे पहिल्या आग्रहाला नको म्हणायचं असतं. त्याने म्हटलं. गृहस्थ बसला आणि दुसरा आग्रह झालाच नाही. बाकीच्यांनीही मग ऐकलं होतं की सरांना उभंच राहायचंय.

त्याचा उजवा गुडघा दुखतो हे मला माहीत होतं. मीटिंगमध्ये तो टेबलाखाली चोळत बसतो. आता तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता, मग मंचाच्या कडेला हात टेकवून उभा राहिला, मग घड्याळ बघितलं. मी खांबाला टेकून त्याचा प्रत्येक श्वास बघत होते. मला खोटं लिहायचं नाही. इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता.

आणि तेवढ्यात माझ्या आईने सगळं वाटोळं केलं.

"ओ भाऊ!" ती सोफ्यावरून ओरडली. "कित्याक उभे? येवा हयसर. सरका गो बायांनो!"

मी लांबून मान हलवली, हात हलवला, डोळे वटारले. तिला काही कळेना. बा सरकल्या, मावशी सरकली, आणि त्या चौघींच्या मध्ये, आईच्या शेजारी, एका माणसाची जागा झाली. अध्यक्ष क्षणभर घुटमळला. मग गुडघ्याने निर्णय घेतला आणि तो बसला. आईचा मला आयुष्यात इतका संताप आला नव्हता. एवढी सगळी मांडणी, कुलूप, किल्ली, आणि ही बाई उठून त्यालाच जागा देते.

"ढोपार दुखता काय?" आईने विचारलं. तिचं विचारणं हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातं.

"हो. जरासा."

"माझी दोनय गेली. पण आधी मी बाजारात जायचंय हां. त्या मोठ्या सोसायटीच्या भिंतीक आमचो कट्टो होतो. थंय बसायचंय आणि मग पुढे जायचंय. मग कोणी मेल्यान त्येच्यार खिळे ठोकल्यान. तेवापासून मी घराभायर पडाक नाय."

अध्यक्ष समोर बघत राहिला. मावशीने वाकून त्याला आणखी समजावलं, "माणसाला बसूला नाय देत, असला कोन मानूस असल, सांगा तुम्ही." बांनी त्याच्या हातावर थोपटून सांगितलं की बहु खराब माणस, बहु खराब. त्याचे कान लाल झाले होते.

नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला. मग पदराआडून अगदी गरीब आवाजात म्हणाल्या, "काकू, किती दिवस झाले, एक गाऱ्हाणं घाला ना. पाहुण्या येईस्तोवर."

आईला एवढं पुरे होतं. तिने काठी बाजूला ठेवली, डोळे मिटले, हात जोडले.

"बा गावच्या राखणदारा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिघी म्हणाल्या.

"ज्या कोणी आमच्या बसूच्या जाग्यार खिळे ठोकल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

आता मागच्या रांगांतूनही आवाज आले. मुलुंडच्या कुठल्याही हॉलमध्ये कोकणातले लोक असतातच, आणि गाऱ्हाणं कानावर पडलं की कारण न विचारता त्यांच्या तोंडून रुकार निघतो.

"त्याका उभ्याचो उभो ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धा हॉल होता.

"त्याचा ढोपार असा धर, असा धर, की तो बसाक जागा शोधीत फिरांदे, आणि त्याका ती खंयच गावाक नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल गरजला, आणि हशा झाला, आणि टाळ्या पडल्या. मीही ओरडले. माझा आवाज सगळ्यांत मोठा असेल.

अध्यक्ष सोफ्यावर हात रेटून सावकाश उठला. आईने डोळे उघडले आणि त्याची बाही धरली. "बसा ओ, भाऊ! तुमका नाय म्हटलंय!"

तो बसला नाही. पाहुण्या बाई आल्या, त्यांचं भाषण झालं, त्या फुटपाथबद्दल आणि सावलीबद्दल काय काय चांगलं बोलल्या. मला त्यातलं फारसं आठवत नाही, मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. तो भिंतीला टेकून उभा होता. दर वर्षी तो अध्यक्षीय समारोपात "मी आपला फार वेळ घेणार नाही" म्हणून अर्धा तास घेतो. यंदा त्याने ते वाक्य म्हटलं, आभार मानले आणि खाली उतरला. सोफ्यासमोरून न जाता तो कडेच्या दाराने गेला.

परतताना रिक्षात मी आईला सांगितलं की तो कोण होता.

"त्येकाच मी बाजूक बसवलंय?"

"हो."

"आणि त्येच्याच तोंडार..." पुढे तिला बोलताच येईना. ती इतकी हसली की रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. घरी येईपर्यंत हसत होती. जिन्याशी मला म्हणाली, "आधी सांगूचा नाय गो? नाव घेऊन घातलं असतंय." पुढचे कित्येक दिवस ती मला पुन्हा पुन्हा सांगायला लावायची, तो कसा उठला, कुठे उभा राहिला, केवढा वेळ.

शिमग्याच्या आधी खिळे निघाले. कोणी जाहीर केलं नाही, एका सकाळी फक्त फरशीला भोकं होती आणि त्यात पांढरं सिमेंट भरलेलं. सोसायटीतल्याच लोकांनी म्हणे मीटिंगमध्ये त्याला "व्हय म्हाराजा" म्हणून हैराण केलं. पण खोड पूर्ण जात नाही. बाकीच्या लांबीवर त्याने सिमेंटच्या मोठ्या कुंड्या बसवून घेतल्या, लूक म्हणून. बसायला जागा उरली जेमतेम तिघींची.

मी त्याच संध्याकाळी आईला उतरवलं. म्हटलं, चल, बघून तरी ये. ती आमच्या फाटकापर्यंत आली. काठी पुढे टेकली, पण पाय पुढे पडेना. आम्ही पुन्हा दोनदा प्रयत्न केला. डॉक्टर म्हणाले, या वयात चालणं इतके महिने बंद पडलं की परत येत नाही, जेवढं आहे तेवढं सांभाळा. तेव्हा कोणी मला सांगू नये की शेवटी चांगलंच झालं, त्याने चूक सुधारली. कट्टा परत मिळाला आणि आई नाही मिळाली. खिळे त्याने फरशीतून काढले आणि मोकळा झाला.

त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं नर्सबाईंकडून कळलं. मी आईला सांगितलं. मला वाटलं, पुन्हा हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "लागला गो त्याका गाऱ्हाणां." थोडी ऐट होती त्यात आणि बरीचशी भीती. मग तिने पलंगावर बसल्या बसल्या डोळे मिटले आणि हात जोडले. "बा म्हाराजा, रागान काय म्हटलं असलंय तर ता पोटात घाल. त्याचा ढोपार बरा कर रे म्हाराजा."

ती थांबली. मी बाजूलाच होते.

"म्हण गो," ती म्हणाली.

मी किचनमध्ये जाऊन मिक्सर लावला.

तो बंद झाल्यावर ती आतूनच म्हणाली, "आणि तो कट्ट्यार इलो तर सरक."

आता रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी मी बाजारातून येताना तिथे बसते. घरी गेल्यावर आई विचारते, "कोण कोण इल्ले आज?" आणि मला सगळं सांगावं लागतं, कोण काय बोललं, मावशीच्या टोपलीत काय होतं. परवा तिघींपैकी कोणी आलं नव्हतं. मी एकटीच होते, मांडीवर मेथीची जुडी. सोसायटीच्या फाटकातून तो बाहेर आला, वॉकर घेऊन. डॉक्टरने चालायला सांगितलं असणार. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरला, आणि परत येताना त्याचं चालणं मंदावत मंदावत माझ्यासमोर थांबलं. कपाळावर घाम होता. तिथून त्याचं फाटक मला जवळ वाटतं. आईला बाजार वाटायचा तितकं ते त्याला लांब वाटत असावं.

"ताई," तो म्हणाला, "जरा सरकता का?"

आई असती तर तो कोपऱ्यावरून वळतानाच सरकली असती. मी हातातली भाजीची पिशवी माझ्या एका बाजूला ठेवली, आणि दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद नीट पसरला.

"इथे आई बसते," मी म्हटलं.

त्याने रस्त्याकडे बघितलं. "येतायत का आजी?"

"नाही."

तो वॉकरला धरून उभा राहिला. मी जुडीची दोरी सोडली आणि एकेक पान खुडायला घेतलं. मेथी निवडायला बराच वेळ लागतो.